सहावा गठ्ठा

रिकार्टनमध्ये शेजाऱ्याची माहिती काढायला त्याच्या घरी जावं लागत नाही. ठरलेल्या वारी सकाळी सहाच्या आत रस्त्याकडेला आलेले डबे बघितले की पुरतं. क्राइस्टचर्च महापालिकेनं घरटी तीन डबे दिलेत. ओल्या कचऱ्याचा ८० लिटरचा हिरवा, पुनर्वापराचा २४० लिटरचा पिवळा आणि ज्याचं आता काहीच होऊ शकत नाही त्याचा १४० लिटरचा लाल. हिरवा दर आठवड्याला जातो. पिवळा एका आठवड्यात, लाल दुसऱ्या. आमच्या गल्लीत ‘या आठवड्यात कोणता’ हे कुणी तक्त्यात बघत नाही. समोरच्या आजी कोणता ठेवतात ते बघून बाकीचे ठेवतात. आजी एकदा लेकीकडे डनेडिनला गेल्या आणि त्या आठवड्यात अख्खी गल्ली डब्यांविना राहिली.

मराठी घराचा लाल डबा लांबूनही ओळखू येतो. नॉरवेस्टर वारा सुटला की गल्लीत पहिला आडवा होतो तो आपला, कारण त्यात काही नसतंच. असायचं ते सगळं गराजात असतं. टीव्हीचं खोकं, टीव्ही बिघडल्यावर टीव्ही, नव्या टीव्हीचं खोकं. ‘लागेल कधीतरी’ या दोन शब्दांवर न्यूझीलंडमधली किती गराजं भरलीत याची कुणी मोजदाद केलेली नाही, पण आमच्या गराजात गाडी शिरत नाही एवढं मी सांगू शकतो.

अशा घरात अप्पा आले. म्हणजे माझे वडील, व्हिजिटर व्हिसावर, उन्हाळ्यापुरते. अप्पांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. त्यांनी आल्याआल्या तिन्ही डब्यांची झाकणं उघडून तपासणी केली आणि म्हणाले, “तीनच वर्ग?”

अप्पांच्या जगात कागद पाच वर्गांत जन्म घेतो. ‘अ’ वर्ग म्हणजे कायम जतन, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. शिवाय प्रत्येक कारकुनाच्या टेबलाला सहा गठ्ठे. चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि शेवटचा, सहावा, नष्ट करावयाच्या कागदांचा. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिनांनी दप्तराची घडी बसवली, तो ‘लखिना पॅटर्न’ अप्पा अजूनही, काही लोक जसे जुने क्रिकेट सामने सांगतात तसा, चेंडूगणिक सांगतात. पण त्यांचा खरा जिव्हाळ्याचा विषय सहावा गठ्ठा. बाकीचे पाच गठ्ठे वाढतात, हलतात, हरवतात. सहावा नुसता बसून असतो. कारण कागद नष्ट करायचा तर त्याची यादी लागते, यादीला मंजुरी लागते, आणि मंजुरीचा कागद ‘ड’ वर्गात बसत नाही.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं की पुढे मी पोटासाठी सहाव्या गठ्ठ्याचंच काम करणार आहे.

मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. आमचा प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, चालताना तात्पुरत्या फायली तयार करतो आणि काम झालं की त्या पुसतो. निदान तसं कागदोपत्री आहे. एका ग्राहकाच्या वकिलानं न्यूझीलंडचा २०२० चा गोपनीयता कायदा उघडला, त्यातलं नववं तत्त्व काढलं (लोकांची खासगी माहिती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, असं ते सांगतं) आणि एका ओळीत विचारलं, “तुमच्या फायली नक्की पुसल्या जातात का?” वरिष्ठांनी ते पत्र माझ्याकडे पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘अर्ध्या दिवसाचं काम.’ आमच्या धंद्यात या वाक्याला वाङ्मयीन मूल्य आहे, बाकी काही नाही.

कारण संगणक काही टाकूनच देत नाही. तो ‘टाकलं’ असा शेरा मारतो. नाव काढणं एक, जागा मोकळी करणं दुसरं आणि मजकूर खरोखर घालवणं तिसरं. यातलं कोणतं करायचं आणि त्याला ‘पुसलं’ म्हणायचं, हे प्रत्येक यंत्रणेनं आपापल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे ठरवलंय.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो की अप्पा कप घेऊन शेजारी बसत. त्यांना युनिक्सपासून सुरुवात करून दिली. लिनक्स आणि मॅक दोन्ही त्याच कुळातले. तिथं फाइल पुसायच्या आज्ञेचं आतलं नाव ‘अनलिंक’. फाइलचा मजकूर एकीकडे आणि तिचं नाव दुसरीकडे, डिरेक्टरीच्या यादीत. एकाच फाइलला दोन, तीन, कितीही नावं असू शकतात. अनलिंक त्यातलं एक नाव काढतो. शेवटचं नाव गेलं आणि फाइल कुणी उघडून बसलेलं नसलं, तरच जागा मोकळी झाली असं जाहीर होतं. मजकूर तरीही तिथंच पडून असतो, कुणी त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत.

“म्हणजे नोंदवहीतली ओळ खोडली,” अप्पा म्हणाले, “दप्तराचा रुमाल फडताळातच.”

“हो.”

“आणि तो रुमाल कुणी आधीच वाचायला नेला असेल तर?”

“तर त्याच्याकडेच राहतो. तो परत ठेवत नाही तोवर जागा मोकळी होत नाही.”

“आणि नोंद नाही?”

“नाही.”

अप्पांनी कप खाली ठेवला. निवृत्त माणसाला असलं काही रात्रीच्या वेळी सांगू नये.

पण हा प्रकार रोज घडतो. सर्व्हरची डिस्क भरते, कुणीतरी मध्यरात्री उठून सगळ्यात लठ्ठ नोंद-फाइल पुसतो, आणि डिस्क भरलेली ती भरलेलीच. एक आज्ञा सांगते, जागा शिल्लक नाही. दुसरी आज्ञा एकेक फाइल मोजून सांगते, अर्धी डिस्क रिकामी आहे. दोघी खरं बोलतात. ज्या प्रोग्रॅमनं ती फाइल धरून ठेवलीय तो अजून चालूच असतो आणि नाव नसलेल्या फायलीत इमानेइतबारे लिहीत असतो. आमच्याकडे अशा प्रोग्रॅमला शोधून बंद करतात. अप्पा म्हणाले, त्यांच्याकडे त्याची बदली करतात.

दोन नावांची गोष्ट त्यांना रिकार्टन बुशमध्ये पटली. शनिवारी सकाळी रिकार्टन हाऊसच्या अंगणात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथून चीज न घेता आणि पालक घेऊन आम्ही मागच्या रानात शिरलो. काहिकाटिआची झाडं, काही ६०० वर्षांपर्यंतची. विल्यम आणि जॉन डीन्स हे स्कॉटिश भाऊ १८४३ मध्ये इथं आले आणि त्यांनी आपल्या एअरशरमधल्या गावाकडचं नाव या जागेला दिलं. आपला माणूस परदेशी गेला की बंगल्याला ‘कृष्णाकाठ’ म्हणतो. डीन्स बंधूंचा हात जरा सढळ होता, एवढंच. पण माओरी लोकांचं पुटारिंगामोटू हे नाव त्या आधीपासून होतं आणि ते गेलेलं नाही. जागा एक, नावं दोन. एखादं खोडून टाकलं तरी दुसरं जागेला धरून राहतं. डीन्स कुटुंबानं १९१४ मध्ये हे रान लोकांना दिलं आणि २००० मध्ये उंदीर, पॉसम वगैरे आत येऊ नयेत म्हणून भोवती कुंपण घातलं गेलं. अप्पांनी मान वर करून सगळं नीट पाहिलं आणि निकाल दिला, “अ वर्ग.”

त्यांना संताप आला तो युनिक्सच्या अधिकारांच्या नियमावर. युनिक्समध्ये फाइल पुसायला फाइलवर काडीचा अधिकार लागत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यात लिहिण्याचा अधिकार लागतो. नाव यादीत असतं, यादी डिरेक्टरीची असते, म्हणून यादीवर हात चालणारा माणूस नाव खोडू शकतो. तर्क बिनतोड आहे.

“म्हणजे फाइल वाचायची परवानगी नाही, पण नाहीशी करायची आहे?”

“बरोबर.”

“आमच्याकडे उलटं होतं. वाचायला सगळा गाव यायचा.”

सगळ्यांच्या सामायिक तात्पुरत्या डिरेक्टरीत कुणीही कुणाचंही नाव खोडेल, म्हणून तिथं एक खास खूण लावून ‘ज्याची फाइल त्यानंच पुसावी’ असा नियम पुढे करावा लागला. आधी व्यवस्था, मग गोंधळ, मग परिपत्रक. यात संगणकाचं असं वेगळं काही नाही.

विंडोजचा स्वभाव याच्या नेमका उलट. युनिक्स न विचारता नाव काढतो, विंडोज विचारूनही काढू देत नाही. फाइल कुणी उघडलेली असेल आणि उघडताना ‘माझ्या हातात असतानाही पुसलीत तरी चालेल’ असं त्यानं लिहून दिलेलं नसेल, तर विंडोज पुसायला नकार देतो. लिहून सहसा कुणी देत नाही. पडद्यावर येतं, ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. कोणत्या? दुसऱ्या. बहुतेक वेळा तो दुसरा म्हणजे व्हायरस तपासणारा किंवा शोधासाठी सूची करणारा प्रोग्रॅम असतो. माझी फाइल जन्माला येते, दोन ओळी लिहिल्या जातात, मी ती पुसायला जातो तोवर तपासणीसाठी ती कुणीतरी उचललेली असते. तिच्यात काय आहे हे बघण्यात यांना जेवढा रस आहे तेवढा ती ज्याच्यासाठी लिहिली त्या ग्राहकालाही नसतो.

त्याहून बेरकी प्रकार पुढचा. समजा उघडणाऱ्यानं परवानगी दिलेली आहे. मी फाइल पुसतो. विंडोज म्हणतो, झालं. मी खुशीत तिची डिरेक्टरी काढायला जातो. विंडोज म्हणतो, त्रुटी क्रमांक १४५, डिरेक्टरी रिकामी नाही. आत डोकावलं तर फाइलचं नाव दिसतं, पण उघडत नाही आणि त्याच नावाची नवी फाइलही करता येत नाही. हातात धरणारा शेवटचा माणूस सोडेपर्यंत ती फाइल पुसण्याच्या प्रतीक्षेत असते, म्हणजे ना घरची ना घाटची. विंडोज १० मध्ये नाव लगेच काढून टाकण्याचा युनिक्ससारखा पर्याय आला खरा, पण तो सगळीकडे लागू होतोच असं नाही.

यावर जगभरच्या मोठमोठ्या प्रोग्रॅमरांनी जो तोडगा काढलाय तो ऐकून अप्पांचे डोळे पाणावले. पुसून बघायचं. नाही पुसलं तर जरा थांबायचं. पुन्हा पुसून बघायचं. पुन्हा नाही, तर आणखी जरा जास्त थांबायचं. आख्ख्या जगातली आज्ञावली ज्यात ठेवतात तो गिट विंडोजवर असा अडकला की चक्क विचारतो, पुन्हा प्रयत्न करू का, हो की नाही?

“‘उद्या या’,” अप्पा म्हणाले. “अरे, हे तर आम्ही कधीपासून करतोय.”

आणि उद्याही नाहीच जमलं तर? तर विंडोजमध्ये एक शेवटची सोय आहे. फाइल पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना पुसावी, अशी नोंद करून ठेवता येते. रजिस्ट्रीत त्यासाठी एक यादी आहे. खरं तर ती नाव बदलायच्या फायलींची यादी, जुनं नाव आणि नवं नाव. नव्या नावाची जागा कोरी सोडली की त्याचा अर्थ पुसा.

अप्पा उठून उभेच राहिले. “प्रतीक्षाधीन! दुसरा गठ्ठा!” मग जरा विचार करून, “आणि कोरी जागा म्हणजे आदेश. कोण बसलंय रे तिकडे? माणूस जाणकार आहे.”

मॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो युनिक्सच आहे, फक्त नीटनेटक्या कपड्यातला. त्याचा त्रास एवढाच की रिकामी केलेली डिरेक्टरी काढायच्या आत फाइंडर तिच्यात आपली एक लपलेली टिपण-फाइल टाकून जातो, खिडकी कुठे होती आणि चिन्हं कशी मांडली होती याची. बाकी कचऱ्याचा डबा पडद्यावर आणण्याचा मान अ‍ॅपलकडेच जातो, १९८३ च्या लिसा संगणकावर. पुढे अ‍ॅपलनं मायक्रोसॉफ्ट आणि एचपीला कोर्टात खेचलं तेव्हा अ‍ॅपलचे बहुतेक दावे गळून पडले. शेवटपर्यंत टिकलेल्या मोजक्या चिन्हांत कचऱ्याचा डबा होता. आपल्याकडे भावाभावांत वाटणीला जे जातं त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

या तीन घराण्यांच्या वर सी भाषा बसलेली आहे. सगळीकडे चालावं म्हणून तिनं ‘रिमूव्ह’ नावाचं एकच फंक्शन दिलं. रिकामी डिरेक्टरी त्याच्या हाती दिली तर युनिक्सकडे ते काढतं, विंडोजकडे नाही म्हणतं. आणि फाइल उघडी असताना रिमूव्ह केलं तर काय होईल? सीच्या प्रमाणग्रंथात याचं उत्तर आहे, ते ज्यानं त्यानं आपापल्या यंत्रणेपुरतं ठरवावं. मी हे अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी क्षणात शासकीय मराठी केली, “‘स्थानिक परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घेण्यात यावा.’ मंत्रालयातून आलंय.”

आता एक फाइल पुसण्याचं हे, तर आख्खं झाड पुसण्याचं काय विचारता. डिरेक्टरी, तिच्यात डिरेक्टरी, तिच्यात फायली. आत शिरत जायचं, पुसत बाहेर यायचं. मध्ये एखादी डिरेक्टरी नसून तिची नुसती पाटी असते, जी भलतीकडे बोट दाखवते. म्हणून प्रोग्रॅम आधी बघतो की ही पाटी तर नाही ना, आणि मग आत शिरतो. बघणं आणि शिरणं यांच्यात निमिषाचं अंतर असतं. तेवढ्यात कुणी द्वाडानं डिरेक्टरी उचलून तिथं पाटी लावली, तर जास्त अधिकाराचा प्रोग्रॅम पाटीमागून जातो आणि दुसऱ्याचंच घर साफ करून येतो. सुरक्षिततेची शेखी मिरवणाऱ्या रस्ट भाषेच्या प्रमाण लायब्ररीतही हे भोक होतं. जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ ही आवृत्ती काढून ते बुजवलं. उपाय असा की डिरेक्टरीच्या नावावर विसंबायचं नाही. ती उघडायची, घट्ट धरायची आणि धरलेल्या हातानं आतलं पुसायचं.

हे समजायला अप्पांना पळभरही वेळ लागला नाही. “पंचनामा केला तेव्हा ट्रकमध्ये वाळू होती,” ते म्हणाले. “जप्तीला गेलो तेव्हा शेणखत.”

या भागात सगळ्यात धोकादायक गोष्ट मात्र चोर नव्हे, स्पेसबार. आपल्याकडे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांबद्दलच्या पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, अशी आख्यायिका आहे. एका अक्षराचा फेर. लिनक्सकरांना तेवढंही लागलं नाही. बंबलबी नावाच्या एका प्रोग्रॅमच्या २०११ मधल्या स्थापनेच्या आज्ञावलीत एका लांबलचक पत्त्यात, ‘यूएसआर’ या पहिल्या पायरीनंतर, चुकून एक मोकळी जागा पडली. पत्ता दुभंगला. ‘अमुक घरातल्या तमुक कपाटातला खण पुसा’ याऐवजी ‘घर पुसा’ असा हुकूम झाला आणि लोकांच्या संगणकांवरचे निम्म्याहून जास्त प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीत राहतात ती गेली. २००७ च्या डिसेंबरात ईव्ह ऑनलाइन या अवकाशयुद्धाच्या खेळानं सुधारित आवृत्ती देताना विंडोज सुरू करणारी फाइलच पुसली. खेळाडू आकाशगंगा जिंकून आले, बघतात तर संगणक उठेना.

माझ्या मते या जातीतला कळस म्हणजे स्टीम, गेम विकणारं दुकान. त्याच्या लिनक्सवरच्या आज्ञावलीत ‘स्टीमच्या डिरेक्टरीतलं सगळं पुसा’ अशी ओळ होती. डिरेक्टरी हलवलेली असली तर तिचा पत्ता सापडत नसे आणि पत्त्याची जागा रिकामी राही. मग उरे फक्त ‘सगळं पुसा’. २०१५ च्या जानेवारीत एकाचं घर असं पुसलं गेलं, बाहेरून जोडलेल्या डिस्कसकट. लोकांनी ती ओळ उघडून पाहिली तर तिच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानं स्वतःच एका शब्दाचं टिपण ठेवलं होतं. भयंकर! म्हणजे भीती वाटली होती. भीतीची रीतसर नोंदही केली होती. आणि नोंद केल्यावर माणूस मोकळ्या मनानं घरी गेला होता. माझ्या ओळखीचे सगळे प्रोग्रॅमर याला हसतात आणि मग आपापल्या आज्ञावलीत तो शब्द शोधून बघतात.

एवढं निस्तरल्यावरही ग्राहकाच्या वकिलाचा प्रश्न तसाच राहतो. नाव गेलं, जागा मोकळी झाली, पण मजकुराचं काय? इथं न्यूझीलंडचं नाव जगात गाजलंय, तेही ऑल ब्लॅक्सच्या मदतीशिवाय. ऑकलंड विद्यापीठातल्या पीटर गुटमननी १९९६ मध्ये एक शोधनिबंध वाचला. चुंबकीय डिस्कवरचं जुनं लिखाण पुन्हा वाचता येऊ नये म्हणून त्यावर कोणकोणत्या नक्ष्या लिहाव्यात याचा तो तक्ता होता. त्या काळी डिस्कवर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, प्रत्येकीला वेगळी नक्षी, पुढेमागे चार-चार वेळा काहीबाही लिहिणं, असं सगळं धरून बेरीज झाली पस्तीस. तुमच्याकडे कोणती डिस्क आहे ते माहीत असेल तर त्यातला थोडा भाग पुरेल, हे निबंधात होतं. पण एवढं वाचतो कोण? जगानं फक्त पस्तीस आकडा उचलला. पस्तीस वेळा पुसणारे प्रोग्रॅम निघाले आणि लोक रात्र-रात्र डिस्कवर पस्तिशी लावून बसू लागले. शेवटी गुटमननीच पुढे जोडपत्र लिहून वैताग व्यक्त केला, की लोक याला तंत्र न समजता भुताखेतांना पिटाळायचा मंत्र समजतात.

“आपल्याकडे एकवीस असतात,” अप्पा म्हणाले. “पस्तीस जरा जास्त होतात. दक्षिणा?”

दक्षिणा फुकट जाते, हीच गंमत आहे. आताच्या चुंबकीय डिस्कला एकदा वरून शून्यं लिहिली तरी पुरतात. आणि लॅपटॉपमध्ये आता चुंबकीय डिस्क नसतेच, एसएसडी असते. तिच्यात त्याच जागेवर पुन्हा लिहायला सांगितलं तर ती ‘बरं’ म्हणते आणि दुसऱ्याच जागी लिहिते, कारण एकच जागा सारखी झिजू नये याची तिला काळजी. जुना मजकूर मागे तसाच, आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट आपल्याला बंद. पस्तीस वेळा सांगा, ती पस्तीस नव्या जागा बघेल. अ‍ॅपलनं हे २०१५ मध्ये कबूल केलं आणि मॅकमधली ‘सुरक्षितपणे कचरा रिकामा करा’ ही सोय काढून टाकली. खात्री देता येत नाही म्हणून. आता करायचं एवढंच, की मजकूर पहिल्यापासून कुलूपबंद करून लिहायचा आणि शेवटी किल्ली फेकून द्यायची.

किल्ली फेकण्यातही एक खोच आहे. किल्ली संगणकाच्या स्मृतीत असते. काम झालं की त्या जागी शून्यं भरायची, एका ओळीचं काम. पण सीची आज्ञावली यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर फार हुशार असतो. तो बघतो, इथं शून्यं भरलीत, पण नंतर ही जागा कुणी वाचतच नाहीये. मग कशाला भरा? आणि ती ओळ गुपचूप गाळतो. नियमानं गाळतो, वर प्रोग्रॅम वेगवान केल्याचं श्रेय घेतो. त्याला दटावायला विंडोजनं वेगळं फंक्शन केलं, ओपनबीएसडीनं वेगळं केलं, आणि प्रमाण सीमध्ये अशी सोय यायला सी-२३ ही आवृत्ती उजाडावी लागली.

अप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. “कुणी तपासणार नाही हे कळल्यावर काम केलंच नाही,” ते म्हणाले. “तुझा हा कंपायलर आमच्या कचेरीत होता का रे?”

गराजातल्या जुन्या हार्ड डिस्कचा निकाल आम्ही एका रविवारी लावला. मी ड्रिल काढलं. अप्पांनी आधी स्क्रू काढायला लावले, कारण स्क्रू चांगले होते. झाकण उघडल्यावर आतली तबकडी अशी चकचकीत निघाली की अप्पांनी तिच्यात बघून मिशी सारखी केली. मग वाचणाऱ्या दांडीच्या बुडाशी असलेले दोन लोहचुंबक पकडीनं उचकटून काढले. ते एवढे जोरकस होते की पकडीलाच चिकटले आणि पकड कपाटाला. या मुक्तीच्या सोहळ्यात तबकडीला भोक पाडण्याचं मूळ काम मिनिटात उरकलं. चुंबक, स्क्रू, झाकण आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असा ऐवज वेगळा काढून अप्पांनी तो एका आइस्क्रीमच्या डब्यात भरला, डबा फळीवर ठेवला आणि वर चिकटपट्टीवर लिहिलं, ‘क-१’. म्हणजे पाच वर्षं.

वकिलाला मी शेवटी चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. त्यात ‘पुसल्या जातात’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘पुसण्याची कार्यवाही करण्यात येते’ असं म्हटलंय. मसुदा अप्पांनी तपासला होता.

त्याच रात्री त्यांनी मला डॉसची गोष्ट सांगितली. डॉसमध्ये फाइल पुसणं म्हणजे डिरेक्टरीच्या यादीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथं २२९ क्रमांकाचं एक चिन्ह टाकणं. बस. बाकी नाव जिथल्या तिथं, मजकूर जिथल्या तिथं. (जपानी मंडळींच्या नावांत नेमकं हेच चिन्ह पहिलं येऊ शकायचं, म्हणजे बिचारी फाइल जन्मतःच पुसलेली. मग त्यांच्यासाठी पाच क्रमांकाचं चिन्ह योजावं लागलं.) १९९१ च्या डॉस ५ मध्ये पुसलेली फाइल परत आणायची आज्ञा आली. ती सगळं शोधून काढायची आणि फक्त एक गोष्ट विचारायची, पहिलं अक्षर काय होतं?

अप्पा म्हणाले, नव्वदीच्या मध्यावर दुसऱ्या एका कचेरीत नव्यानं संगणक आला होता. कारकुनानं एक फ्लॉपी पुसली. ओरड झाली. जिल्ह्याहून माणूस आला, त्यानं आज्ञा दिली आणि पडद्यावर नाव उमटलं. आधी प्रश्नचिन्ह, मग ए, एन, ई.

“सगळी कचेरी गोळा झाली. माने म्हणावं, राणे म्हणावं, साने म्हणावं की काणे? चौघांचेही अर्ज होते.”

“उघडून बघायचं ना आत काय आहे!”

“उघडायला आधी परत आणायची, आणि परत आणायला आधी अक्षर द्यायचं. साहेबांकडे गेले. साहेबांनी शेरा मारला, स्थानिक परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घ्यावा.”

“मग?”

“मग काय. कारकून स्वतः माने होता.”